रायणीची फांदी

हर्षदा सावेच्या ओटीवर कंपनीचं चिकूचं झाड आलं ते नव्या नवरीसारखं, झाकूनपाकून आणि सोबत पाठराखणीला माणूस घेऊन. माणसाचं नाव केणी. झाड कुंडीत, जेमतेम कमरेएवढं, पण फांद्याफांद्यांवर चिकू लगडलेले. केणीने वरची जाळी सोडली आणि आधी बुंध्यावरचा कलमाचा जोड दाखवला.

"मावशी, याच्या वरचं सगळं चिकू, खालचं सगळं रायण. रायणीला खालून फुटवा आला की लगेच खुडायचा, वाढू द्यायचा नाही. एवढं एक पाळा. बाकी झाड आपलं आपण बघतं."

हर्षदाला हसू आलं. डहाणूच्या किनाऱ्यावर, चिकूच्या वाडीत जन्मलेल्या बाईला हा सदऱ्यावर कंपनीचा शिक्का मारलेला पोरगा फुटवा खुडायला शिकवत होता. तिच्या बापाने उभा जन्म रायणीच्या, म्हणजे चिकूच्या रानटी भावकीतल्या झाडाच्या, खुंटावर चिकूची कलमं बांधली. सुतळी धरायला हीच तर असायची.

"आणि हे मेलं तर?" तिने विचारलं.

"अर्ज करायचा. कंपनी दुसरं देते."

"फळाला आलेलं?"

"ते नाही सांगता येत," केणी म्हणाला आणि सही घ्यायला पुढे झाला.

तेव्हाच हर्षदाच्या मनात किडा वळवळला. वाडीतला माणूस कधी एका झाडावर विसंबत नाही. चांगल्या वाणाचं एकच झाड दारात असणं म्हणजे जीव टांगणीला, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. आणि इथे तर खरोखरीचाच जीव टांगलेला होता, तिच्या निहारचा.

निहार एकुलता एक. ऐन पंचविशीत त्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. हर्षदाचं स्वतःचं मूत्रपिंड जुळलं नाही; नवरा तर केव्हाच गेलेला. नातेवाईक फोनवर हळहळत राहिले. अशा वेळी शेजारच्या घरातून मोठी जाऊ, रंजना, उठून आली आणि म्हणाली, "माझं बघा काढून. मला काय दोन-दोन घेऊन वर जायचंय?" साठीला टेकलेली बाई. तिचा मुलगा कुणाल सुरतेहून भांडायला आला, तर त्यालाच तिने जेवायला वाढून परत पाठवलं. निहार लहानपणापासून तिला मोठी आई म्हणायचा, आणि आता तिचंच मूत्रपिंड त्याच्या पोटात काम करू लागलं.

पण माणसाचं शरीर मोठं कद्रू. परकी वस्तू आत आली की ते तिच्यावर तुटून पडतं. त्याला आवरायला औषध लागतं, आणि ते जन्मभर. गोळ्यांनी निहारचं यकृत बिघडू लागलं तेव्हा डॉक्टरांनी झाडाचं नाव काढलं. त्या दिवसांत त्याचं कुणाला नवल राहिलं नव्हतं. मोठ्या शहरांत लोक गच्चीत रक्तदाबाचे पेरू आणि संधिवाताची पपई वाढवत होते.

विज्ञान तसं सोपं होतं. कलमाच्या झाडात जीव दोन असतात, रस मात्र एक. खालचा खुंट वरच्या फांदीला रसातून बारीक बारीक निरोप धाडत असतो: उंच होऊ नकोस, लवकर फळ धर. हे निरोप म्हणजे आरएनएचे इवले तुकडे. बागायतदारांना त्यांचा परिणाम पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता, कारण ठाऊक नव्हतं. शास्त्रज्ञांना कारण कळलं आणि त्यांनी रायणीच्या पेशीत आपला स्वतःचा एक निरोप लिहून टाकला. तो वर चिकूच्या चिकात पोचला की तिथे शरीराच्या पहारेकऱ्यांना झोपवणारं औषध तयार होई, आणि चिकू पिकला तरी ते गरात उरे. रोज एक फळ, बस. चिकूला बारा महिने फळ असतं म्हणून हे झाड निवडलेलं. वरची फांदी तोडून दुसरीकडे लावली तर निरोप तुटायचा आणि चिकू पुन्हा साधा चिकू व्हायचा. कुणी घरच्या घरी औषधाची वाडी करू नये, ही त्यातली मेख होती.

निहार सुधारला. गालावर रंग आला, हाताची थरथर थांबली, पहाटे समुद्रावर पळायलाही जाऊ लागला. सोलर पंपांच्या दुकानातली नोकरी पुन्हा सुरू झाली. हर्षदा रोज एक चिकू कापून, बिया काढून त्याच्यासमोर ठेवी आणि तो संपेपर्यंत तिथेच उभी राही.

पावसाळ्यात रायणीला खालून फुटवा आला. लालसर, तरतरीत. खुडायला हात गेला आणि तिथेच थबकला.

तिला वाटलं, औषध चिकूत नाही, रायणीत आहे. मग सांभाळायची ती रायण. दोन्ही घरांच्या मधोमध, कुंपणावर, सासऱ्यांनी लावलेला मोठा चिकू उभा होता. त्याच्या खालच्या फांदीवर हा फुटवा बसवून ठेवला, तर कुंडीतलं झाड उद्या दगावलं तरी मूळ वाण जिवंत राहील. त्यावर पुढेमागे नवं कलम बांधता येईल. नामशेष व्हायला आलेला वाण जुन्या झाडाच्या अंगावर जपायचा, ही रीत तिच्या माहेरी सगळ्या कलमवाल्यांची. कंपनीतल्या शास्त्रज्ञांना ती माहीत नव्हती. ते वाडीत वाढले नव्हते.

तिने भेट कलम बांधलं. मोठ्या झाडाखाली माच उभारून त्यावर कुंडी चढवली, फुटव्याची आणि फांदीची साल एका बाजूने तासली, उघडं अंग उघड्या अंगाला लावून सुतळीने आवळलं. या कलमात दोघंही आपापल्या मुळांवर जगत राहतात आणि सावकाश एकमेकांना धरतात. जोड पक्का झाला की मग एकाला त्याच्या मुळापासून तोडायचं. रंजना कुंपणापलीकडून बघत होती.

"काय गो, वडलांची आठवण आली वाटतं?"

"हात शिवशिवतात, वहिनी."

दिवाळीपर्यंत जोड धरला. हर्षदाने फुटवा कुंडीतल्या खोडापासून कापला, आणि मोठ्या चिकूच्या अंगावर रायणीची एक फांदी डुलू लागली. पानं काळपट हिरवी, टोकाशी किंचित खाच असलेली. ओळखणाऱ्यालाच कळली असती.

पुढच्या उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खारावलं. ते दरवर्षी थोडं थोडं खारावतच होतं, त्या वर्षी त्याने कळस केला. मोठा चिकू मुरलेला होता, त्याने ते सोसलं. कुंडीतल्या झाडाने आठवडाभरात पानं टाकली. हर्षदाने गोडं पाणी विकत आणलं, माती बदलली, सावली केली. झाड वाळलं ते वाळलंच.

कंपनीने अर्ज घेतला. नवं झाड मिळेल, ते फळाला यायला वर्ष लागेल. "तोवर नुसती फळं पाठवा," ती फोनवर रडकुंडीला येऊन म्हणाली. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, आम्ही झाड देऊ शकतो, फळ नाही. झाड हे कायद्याने झाड आहे. फळ दिलं तर ते औषध होतं, त्याचा परवाना वेगळा." बोलून चालून कायदाच तो, त्याला दयामाया कुठली.

डॉक्टरांनी नाइलाजाने गोळ्या पुन्हा सुरू केल्या. निहारचे डोळे पिवळे व्हायला लागले. तेव्हा बुडत्याने हात मारावा तसं हर्षदाने मोठ्या झाडाचे चिकू त्याला द्यायला सुरुवात केली. रायणीची फांदी अंगावर आहे, न जाणो थोडं काही उतरलं असेल. रक्त तपासलं, तर चिकूतल्या औषधाचं प्रमाण हवं त्याहून थोडं जास्तच निघालं. कंपनीचं नवं झाड आलं असं डॉक्टर समजले आणि गोळ्या बंद झाल्या. ती तपासणीच्या कागदावर डोकं ठेवून रडली. देव आहे असं तिला त्या दुपारी अगदी मनापासून वाटलं.

हा देव संध्याकाळपर्यंत टिकला. संध्याकाळी रंजना नेहमीसारखी आकडी घेऊन आली आणि मोठ्या झाडाचे चिकू टोपलीत उतरवू लागली. अर्धे घरी, अर्धे आळीत. रस्त्याच्या बाजूचे चिकू जाणाऱ्या-येणाऱ्याचे, ही सासऱ्यांच्या वेळची पद्धत. रंजना तर दिवसाला पाच-सहा सहज खायची. हर्षदा ओटीवर उभी राहून टोपलीत पडणारा एकेक चिकू मोजत होती.

दुसऱ्या दिवशी तिने केणीला फोन लावला. सहज विचारल्यासारखं विचारलं, फुटवा खुडायचा राहिला आणि वाढला तर काय होतं?

"तेच तर टाळायचं असतं, मावशी. मुळातून निरोप येतो तो मोजका. पण रायणीला स्वतःची पानं आली की पानं तो निरोप ढिगाने तयार करतात. आणि पानातला रस अन्नाबरोबर झाडभर फिरतो, वर, खाली, प्रत्येक फळात. मग एका फळात किती औषध, त्याचा हिशेबच राहत नाही. असं झाड सापडलं तर मुळासकट जाळतात, आणि लावणाऱ्यावर खटला. तुमच्याकडे कुणी केलंय का?"

"नाही हो. झाड मेलं ना, म्हणून आपलं मनात आलं."

एव्हाना आळीत ताप सुरू झाला होता. साधा, कुठलाही. पण ज्याला धरे त्याला सोडत नसे. वर्तक मास्तर, रोज फिरून येताना खिसाभर चिकू नेणारे, न्युमोनियाने गेले. वय झालं होतं, असं सगळे म्हणाले. हर्षदाही म्हणाली.

उपाय अगदी सोपा होता, आणि तोच तिला छळत होता. करवतीने एक फांदी कापायची. हाताच्या मनगटाएवढी. निरोप बंद, चार-सहा आठवड्यांत चिकू पुन्हा साधा. कुणाला काही सांगायची गरज नाही, कोर्ट नाही, कचेरी नाही. फक्त नवं झाड फळाला येईपर्यंत निहारला औषध नाही. म्हणजे मूत्रपिंड गेलं, किंवा यकृत गेलं, किंवा दोन्ही. रोज सकाळी ती त्या फांदीखाली जाऊन उभी राही आणि परत येई.

मग तिने मधला मार्ग शोधला. भित्र्या माणसांना तो नेहमीच सापडतो. झाडावर जहरी फवारा मारलाय, कुणी खाऊ नका, असं तिने आळीत सांगितलं. सगळे चिकू कच्चेच उतरवून घरात भरले. रंजनाला ते लागलं. फार लागलं.

"फवारा कधी मारलास? मी घरातच तर असते दिवसभर."

"मारला, वहिनी. तुम्ही झोपला होतात."

"झाड सामायिक आहे, हर्षदा. मामंजींनी दोघींना सांगितलं होतं." रंजनाचा आवाज चढला नाही, तो खाली गेला. "तुला चिकू हवे असतील तर तसं म्हण ना. निहारला लागतात हे मला कळत नाही का? मी नाही म्हटलं असतं?"

या प्रश्नाचं उत्तर हर्षदाने मनातल्या मनात दिलं. बाई सरळ आहे. तिला सांगितलं तर ती एकदा वर्तक मास्तरांच्या बायकोकडे बघेल आणि पोलिसात जाईल. ही खात्री कुठून आली, ते तिने स्वतःला विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने, धुतलेत, आता चालतील, असं म्हणत टोपलीभर चिकू कुंपणावरून रंजनाच्या ओटीवर ठेवले, आणि पुढेही ठेवत राहिली. भांडण नको म्हणून. संशय नको म्हणून.

रंजना श्रावणात पडली. आधी अंगावर नागीण, मग खोकला, मग ताप. डहाणूच्या इस्पितळात नेली तेव्हा डॉक्टर चिंतेत पडले ते वेगळ्याच कारणाने: तिचं उरलेलं एकुलतं मूत्रपिंड दमत चाललं होतं. ज्या औषधाने निहारमधलं तिचं मूत्रपिंड तगत होतं, त्याच औषधाचा भार तिच्या स्वतःच्या मूत्रपिंडावर पडत होता. डॉक्टरांना याचा पत्ता नव्हता. हर्षदाला होता, निहारच्या औषधाच्या कागदावर ते पहिल्याच ओळीत लिहिलेलं असे.

इस्पितळात आठ-दहा दिवस काढल्यावर रंजना सावरू लागली. ताप उतरला, लघवी नीट झाली. कुणाल सुट्टी संपवून सुरतेला परत गेला. हर्षदाला आनंद झाला. खोटं कशाला सांगा, तिला खरंच आनंद झाला. डबा घेऊन ती खाटेशी बसली होती. तेवढ्यात डॉक्टरीणबाई फाईल चाळत म्हणाल्या, "एक कळत नाही. इथे आल्यावर औषधं तीच, तरी या सुधारल्या. म्हणजे घरचंच काहीतरी बाधत होतं. पाणी? खाण्यात काय असायचं?"

"भात, मासळी," हर्षदा घाईने म्हणाली. "आणखी काय असणार."

"आणि चिकू," रंजना उशीवरून म्हणाली. "आमच्या दारचा चिकू. इथल्या जेवणाला चव म्हणून नाही हो डॉक्टर. एक चिकू खाऊ द्याल?"

"खा की. चिकूने काय होतंय," डॉक्टरीणबाई हसल्या. "पाण्याचा नमुना मात्र आणून द्या. आणि या अशाच सुधारत राहिल्या तर मी एकेक गोष्ट तपासणार, सोडणार नाही."

घरी येताना रिक्षात हर्षदा हिशेब करत होती. रंजना अशीच बरी होत गेली तर ही बाई एकेक करत चिकूपर्यंत येणार. मग झाड जाळणार. मग निहार. आणि रंजना बरी झाली नाही तर? तर कुणी काही शोधणार नाही. हा विचार तिने स्वतः केला असं तिला वाटलं नाही. तो बाहेरून कुणीतरी आत ढकलल्यासारखा आला. पण आला आणि बसला. ती काही राक्षसीण नव्हती. ती आई होती, आणि त्या दिवसांत या दोन्हींत फारसा फरक उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने डब्यात दोन चिकू नेले. साल काढली, बिया काढल्या, फोडी केल्या आणि चमच्याने रंजनाला भरवल्या.

"आहा," रंजना डोळे मिटून म्हणाली. "निहारला ठेवलेस ना? आधी त्याला. मला उरलासुरला चालेल."

"आहेत त्याला, वहिनी. पुष्कळ आहेत."

"मी तुला टाकून बोलले त्या दिवशी. मनात ठेवू नकोस."

हर्षदाने शेवटची फोड तिच्या तोंडात घातली आणि तिचं तोंड रुमालाने पुसलं.

रोज दोन चिकू जात राहिले. ताप परत आला. डॉक्टरीणबाईंचं शोधणं थांबलं. आता त्या नुसतं औषध वाढवत होत्या.

रविवारी निहार मोठ्या आईजवळ दिवसभर बसून आला. घरी आल्यावर चप्पल न काढता तो थेट मोठ्या चिकूखाली गेला आणि वर बघत उभा राहिला. बराच वेळ. मग आत आला.

"मोठ्या आईचा हात थरथरतो," तो म्हणाला. "पेला धरता येत नाही. आई, ही थरथर मला माहीत आहे. औषध जास्त झालं की माझाही असाच थरथरायचा."

हर्षदा भाजी निवडत होती. ती निवडत राहिली.

"त्या फांदीची पानं वेगळी आहेत."

"रायणीची आहे," ती म्हणाली. मग तिने सगळं सांगितलं. फुटवा, केणी, वर्तक मास्तर. डब्यातल्या चिकूंचंही सांगितलं, कारण आता लपवायला जागाच उरली नव्हती. सांगताना तिला रडू आलं नाही, याचंच तिला आश्चर्य वाटलं.

निहार भिंतीला टेकून खाली बसला. म्हणाला, "तिला सांगितलं असतंस तर ती गप्प राहिली असती. तिने नुसते चिकू खायचे सोडले असते. माझ्यासाठी."

"मला नाही तसं वाटलं."

"तुला वाटलं नाही." त्याने तोंडावरून हात फिरवला. "मी उद्या सकाळी जाऊन डॉक्टरांना सांगतो. अजून वेळ आहे, औषध थांबलं की ती उठेल. आणि येऊन फांदी कापतो. तू हात लावू नकोस, मी कापतो."

"तुझं काय होईल?"

"होईल ते होईल."

सकाळी तो गेला. हर्षदाने करवत काढून ओटीवर ठेवली. तिला आपल्या मुलाचा अभिमान वाटत होता आणि त्याच वेळी तो वाटेतूनच परत यावा असंही वाटत होतं. दुपारी फोन आला नाही. पोलीस आले नाहीत. इस्पितळातूनही कुणाचा निरोप नाही. ऊन कलायला लागलं तेव्हा फाटक वाजलं.

निहार ओटीवर चढला. करवतीवरून पाय टाकून आत आला, हातपाय धुतले आणि आपल्या नेहमीच्या जागी बसला. बशी रिकामी होती. त्याने ती थोडी पुढे सरकवली.

हर्षदाला हायसं वाटलं. सगळ्यात आधी हायसं वाटलं, आणि ते त्यालाही दिसलं.

"भेटल्या डॉक्टरीणबाई?" तिने विचारलं.

"होत्या." तो बशीकडेच बघत होता. "गर्दी होती."

मग तोच म्हणाला, "मोठी आई विचारत होती, उद्या येताना आई चिकू आणेल का."

हर्षदाने तांदळाच्या डब्यात हात घालून पिकायला घातलेले चिकू चाचपले. एक मऊ लागला, तो निहारसाठी काढला. आणखी दोन मऊ लागले, ते बाजूला ठेवले.

"आणीन," ती म्हणाली आणि सुरी घेऊन त्याच्यासमोर बसली.